सुतकातले हसू

वसमत परिसरातील एका खेड्यातून ५८ वर्षांच्या एका वाचक ताईंनी लिहिलेल्या पत्राचा हा सारांश आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. गेल्या आषाढात त्यांचे यजमान दीर्घ आजारानंतर वारले. तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसे परतली, बायका माजघरात बसल्या आणि भावकीतून आलेला चहा सून सगळ्यांना देऊ लागली. यजमानांची एक वयस्कर चुलत बहीण हेल काढून रडत होती. सून कप घेऊन तिच्यापुढे आली तेव्हा तिने रडणे मध्येच थांबवले, ‘साखरेचा नको गं बाई, शुगर हाय मला,’ असे अगदी साध्या आवाजात सांगितले आणि पुन्हा त्याच सुरात हेल धरला. सुनेला हसू फुटले. तिने तोंडावर पदर घेतला, पण हसू आवरेना, तेव्हा हातातले कप तसेच ठेवून ती मागच्या दाराने निघून गेली. ताईंची धाकटी लेक तिथेच शेजारी तोंड झाकून हुंदके देत होती. संध्याकाळपर्यंत गावभर झाले, ‘सासरा गेला अन् सून दात काढायली.’ दुसऱ्या दिवशी सुनेने ‘मला आवरलंच नाही, आई’ म्हणून माफी मागितली. ताई काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून आठ महिने दोघींत कामापुरते बोलणे आहे आणि मुलगा नांदेडला खोली करून राहण्याची भाषा करू लागला आहे. जावा म्हणतात, द्रौपदी हसली म्हणून महाभारत घडले. ताईंचे दोन प्रश्न आहेत: अशा दिवशी जिला हसू येते तिच्या मनात काय असते, आणि अशा सुनेबरोबर एका चुलीवर राहावे की वेगळे व्हावे?

ताई,

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण दुसऱ्याचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. त्या क्षणी तुमच्या सुनेच्या मनात काय होते हे मला सांगता येणार नाही. परंतु काय असलेच पाहिजे असे तुम्ही धरून चालला आहात, ते मात्र तपासून पाहता येते. माणूस हसतो तो आनंद झाला म्हणून, नाहीतर समोरच्याला तुच्छ लेखून, असे तुमच्या पत्रात गृहीत धरलेले आहे. आनंदाने हसली असेल तर सासऱ्याचे जाणे तिला सुटका वाटली, आणि तुच्छतेने हसली असेल तर तिने तुमच्या दुःखाची थट्टा केली. या दोन वाटांखेरीज तिसरी वाट तुम्हाला दिसलेली नाही, आणि आठ महिने तुम्ही या दोहोंपैकी कोणती खरी एवढेच ठरवत बसला आहात.

तुम्हाला लागले ते खोटे नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. दिवसकार्य चालू असताना, स्वतःचे भान नसताना, कानावर हसण्याचा आवाज यावा आणि तो आपल्याच घरातल्या माणसाचा असावा, हा घाव कोणालाही जिव्हारी लागेल. घाव खरा असतो म्हणून तो घालण्याचा हेतूही खरा असतो, असे मात्र नाही.

१९६१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग सुरू केला. साध्यासुध्या नोकरदार माणसांना बोलावून, पलीकडच्या खोलीतल्या माणसाने चुकीचे उत्तर दिले की त्याला विजेचा झटका द्या आणि प्रत्येक चुकीला झटका वाढवत न्या, असे त्यांना सांगितले गेले. झटके प्रत्यक्षात दिले जात नव्हते, पण बटण दाबणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ही माणसे घामाघूम होत होती, थरथरत होती, अडखळत बोलत होती असे वर्णन आहे, आणि त्याच अहवालात असेही नोंदले आहे की ४० पैकी १४ जण हसत होते. तिघांना तर हसण्याची अशी उबळ आली की ती त्यांना थांबवता येईना. प्रयोगानंतर ही माणसे जीव तोडून सांगत होती की आम्हाला त्यात मजा वाटत नव्हती, आम्ही क्रूर नाही. त्यांच्यावर विश्वास ठेवायला जागा आहे, कारण त्यांचे बाकीचे सगळे शरीर छळ सोसत असल्याचीच साक्ष देत होते. ताण सहन होईनासा झाला की तो कधी रडण्यातून बाहेर पडतो, कधी रागातून, आणि कधी हसण्यातून. कशातून पडेल हे माणूस निवडत नाही.

‘तिने मनात आणले असते तर आवरले असते,’ असे तुम्ही लिहिले आहे. इथे मेंदूची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. फोटो काढताना आपण ठरवून हसतो, ते हसू आणि आपोआप फुटणारे हसू, यांच्या मेंदूतल्या वाटा वेगवेगळ्या आहेत. पक्षाघाताच्या काही रुग्णांना डॉक्टरांनी ‘हसून दाखवा’ म्हटले तर ओठाची एक बाजू हलत नाही, आणि तेच रुग्ण नातवाला दारात पाहून दोन्ही बाजूंनी हसतात. आपोआप येणाऱ्या हसण्यावर इच्छेचा लगाम थोडाफार चालतो, पण दमलेल्या, जागरण झालेल्या, दुःखाने पोखरलेल्या माणसाचा लगाम सैल पडतो. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: आजारपणाचे चार महिने यजमानांचे औषध, जेवण, अंथरूण सुनेनेच पाहिले. ते एकच वाक्य आहे, ताई. अर्ध्या मिनिटाच्या हसण्यावर तुम्ही दीड पान लिहिले आहे. त्या दिवशी ती किती रात्री जागलेली होती, याचा हिशोब पत्रात नाही. कदाचित तुम्हीही तितक्याच जागल्या होत्या म्हणून नसेल.

आता त्या तिसऱ्या वाटेकडे येते. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने आपल्या विद्यार्थ्यांसह बाजारात, रस्त्यावर, महाविद्यालयाच्या आवारात लोक केव्हा हसतात याची शांतपणे नोंद केली आणि असे १,२०० प्रसंग जमवले. हसण्याच्या आधी बोलले गेलेले वाक्य खरोखर विनोदी म्हणावे असे प्रसंग त्यांत १० ते २० टक्क्यांच्या आसपासच निघाले. बाकी हसणे ‘बरं, येतो मग’, ‘कुठं होतास इतके दिवस’ असल्या वाक्यांवरचे होते. दुसरे त्यांना असे आढळले की माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो. म्हणजे हसणे हा विनोदाला दिलेला प्रतिसाद कमी आणि शेजारच्या माणसाला दिलेला प्रतिसाद अधिक आहे. आपले कोण, परके कोण, कोणाच्या मनातले आपल्याला न सांगता कळले, हे हसण्यातून कळते. म्हणून ‘ती कशावर हसली’ यापेक्षा ‘ती कोणासोबत हसली’ हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो.

तुमच्याच पत्रात याचे उत्तर लपलेले असावे असे मला वाटते. ओघात तुम्ही लिहून गेला आहात की त्या नणंदबाईंच्या रडण्याची नक्कल तुमचे यजमान फार हुबेहूब करीत. कुठल्याही मातीहून परत आले की रात्री जेवताना एकदा तरी ती होई, आणि तुम्ही ‘पुरे करा’ म्हणत हसत असायचात. मग त्या दिवशी, ज्या घरात ती नक्कल होई त्याच घरात, त्याच माणसासाठी तो हेल निघाला आणि मध्येच शुगरची सूचना देऊन पुढे चालू झाला, तेव्हा सुनेला कोण आठवले असेल? हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण जी माणसे त्या नकलेला दर वेळी हसत आली होती त्यांच्यापैकी तुमची सून एक होती, आणि हे हसू ज्याच्यासोबत वाटून घ्यावे तो माणूस तीन दिवसांपूर्वी गेला होता. मला यात सुटका झाल्याचा आनंदही दिसत नाही आणि तुमच्या दुःखाची थट्टाही दिसत नाही.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. त्यांतल्या पाचव्याचे, अपहसिताचे, वर्णन असे की ते अस्थानी येते, डोळ्यांत पाणी आणते, आणि त्यात खांदे व मस्तक हलू लागते. ‘अस्थानी’ आणि ‘डोळ्यांत पाणी’ या दोन्ही गोष्टी एकाच श्लोकात आहेत, म्हणजे चुकीच्या जागी आलेल्या हसण्याला अश्रू चिकटलेले असतात हे त्या काळीही पाहिलेले होते. भरतांनी हा प्रकार अधम पात्रांच्या वाट्याला दिला आहे, आणि तिथे माझे त्यांच्याशी जुळत नाही. रंगभूमीवर राजाचे हसणे आणि सेवकाचे हसणे वेगळे ठेवावे लागते, पण सुतकाच्या माजघरात उत्तम, मध्यम आणि अधम सगळे एकाच सतरंजीवर बसलेले असतात.

खांदे हलण्याची गोष्ट निघाली म्हणून एक नाजूक शंका विचारते. हसताना आणि हुंदके देताना श्वास सारखाच तुटक होतो, चेहरा सारखाच आक्रसतो, डोळे सारखेच भरतात. तोंडावर पदर असेल तर पाहणाऱ्याला दोहोंतला फरक कळणे कठीण असते. तुमची धाकटी लेक सुनेच्या शेजारीच होती आणि ती नक्कल पाहत लहानाची मोठी झाली आहे. ती रडतच असेल. पण हसत असती तरी तुम्ही तिला लेक म्हणूनच पाहिले असते, आणि भावकीनेही तिच्या पदराखालचे सगळे दुःखच धरले असते. ही चौकशी करण्यासारखी गोष्ट नाही, तिला विचारूही नका. मी फक्त एवढेच म्हणते की त्या खोलीतल्या हसण्याला नाव मिळाले ते सुनेचे, कारण सुनेच्या तोंडाकडे सगळ्यांचे लक्ष असते. बाहेर ओसरीवर त्याच दिवशी पुरुषमंडळी पावसाच्या, सोयाबीनच्या, निवडणुकीच्या गप्पा मारत अधूनमधून हसली असणारच. मराठवाड्यातल्या कोणत्याही दिवसकार्याला हे घडते, आणि त्याची बातमी गावात कधी होत नाही.

आणि जावांनी द्रौपदीचे नाव काढले आहे, तर तेही नीट पाहून घेऊ. पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत मयसभेचा प्रसंग वाचला तर दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा सेवक हसतात, भीम हसतो, अर्जुन आणि नकुल-सहदेव हसतात. द्रौपदीचे नाव तिथे नाही. ते येते पुढे, दुर्योधन हस्तिनापुरात बापापुढे आपली व्यथा सांगतो तेव्हा, त्याच्या तोंडून. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे वाक्य तर त्या संहितेत कुठेच नाही. इतके पुरुष हसले, आणि युद्धाचे खापर फुटले ते दुखावलेल्या माणसाच्या तक्रारीत नाव आलेल्या बाईवर. जावांना हे ऐकवायला जाऊ नका, भांडण वाढेल. तुम्ही मात्र ती म्हण सुनेच्या बाबतीत वापरू नका.

तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीने मला सर्वांत जास्त थांबवले ती सुनेविषयी नाही. तुम्ही लिहिता की आता घरात कोणीही हसले की छातीत कळ येते, नातू टीव्हीवर कार्टून पाहून हसला तरी तुम्ही दार लोटून घेता. सुनेवरचा राग आणि ही कळ एकच आहे का, हे जरा तपासून पाहा. ज्याच्यासोबत तुम्ही आयुष्यभर हसलात तो माणूस गेला. आता प्रत्येक हसणे त्याच्यावाचून चाललेले हसणे आहे, आणि त्यातले पहिले सुनेचे होते. आपल्याकडे विधवेने हसू नये असा लेखी नियम नसला तरी नजरांचा नियम आहे, आणि तो तुम्ही न बोलता पाळत असाल. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जोडीदार गेल्यावर सहा महिन्यांनी त्या जोडीदाराविषयी बोलणाऱ्या स्त्री-पुरुषांचे चेहरे बारकाईने पाहिले होते. बोलता बोलता ज्यांना मनापासूनचे, डोळ्यांपर्यंत पोहोचणारे हसू आले त्यांच्यात राग कमी दिसला आणि भोवतीच्या माणसांशी त्यांचे संबंध अधिक बरे होते. हसल्यामुळेच दुःख कमी झाले असा याचा अर्थ होत नाही. पण गेलेल्या माणसाची आठवण काढून हसणे म्हणजे त्याला विसरणे, ही समजूत मात्र त्यापुढे टिकत नाही. पैठणला नाथषष्ठी ही एकनाथ महाराजांची पुण्यतिथी आहे, आणि ज्यांची ती पुण्यतिथी त्यांच्याच भारुडांना ऐकणारे हसतात. त्यात कोणाला अनादर वाटत नाही.

आता काय करावे ते सांगते. सुनेशी बोलायला मुद्दाम समोरासमोर बसू नका; तसे बसले की पंचायत भरल्यासारखे होते आणि तिला पुन्हा माफी मागण्यावाचून काही सुचणार नाही. सध्या तुमच्याकडे हळदीचा हंगाम आहे, शिजवलेली हळद वाळत घालताना, निवडताना दोघींचे हात कामात आणि नजर खाली असते. तशा वेळी बोला. ‘का हसलीस?’ हे विचारू नका, कारण माणसाला आपण का हसलो याचा नेमका पत्ता बहुधा नसतोच, आणि विचारले की तो काहीतरी कारण तयार करतो. त्याऐवजी ‘तुझे मामंजी आत्यांची नक्कल करायचे ते आठवतं का तुला?’ एवढेच विचारा आणि ती काय म्हणते ते ऐका. तुम्ही घरात त्यांना ज्या नावाने हाक मारत होतात तेच नाव घ्या. ती रडेल, हसेल, किंवा दोन्ही करेल. त्यानंतर तुमचे सांगा: त्या दिवशी मला फार एकटे वाटले. ‘तू मला एकटे पाडलेस’ असे म्हणू नका. फरक लहान दिसतो, पण पहिल्या वाक्याला ती जवळ येऊ शकते आणि दुसऱ्याला फक्त सफाई देऊ शकते. तिने आठ महिन्यांपूर्वी मागितलेल्या माफीला अजून उत्तर मिळालेले नाही, तेही देऊन टाका.

भावकीसाठी एकच वाक्य ठरवून ठेवा आणि विषय निघाला की तेवढेच बोला: ‘चार महिने तिनं त्यांचं सगळं केलं, मला माहीत आहे.’ घरच्या मोठ्या बाईने हे दोनदा म्हटले की गाव तिसऱ्यांदा विषय काढत नाही. तुम्ही गप्प राहिलात म्हणूनच ती बातमी इतके दिवस चालली, हे कडू असले तरी खरे आहे.

ज्यांना असे अवेळी हसू फुटते अशा वाचकांसाठीही दोन शब्द. ज्याला तेच हसू आलेले आहे त्याच्याकडे पाहू नका, कारण नजरेला नजर भिडली की ते दुप्पट होते. श्वास सावकाश बाहेर सोडत राहा, आणि तरी आवरत नसेल तर पाणी आणण्याच्या निमित्ताने उठा; ही सूनही तिथून निघूनच गेली. माफी मागताना प्रसंग किती गमतीचा होता हे समजावून सांगू नका. आणि ज्यांच्या घरात कोणाला पक्षाघातानंतर, डोक्याला मार लागल्यानंतर किंवा मज्जासंस्थेच्या आजारात मनात काही नसताना वारंवार हसण्याच्या वा रडण्याच्या उबळी येतात, त्यांनी त्याला स्वभावदोष न समजता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. त्यावर औषधे आहेत.

खुपावे असे हसणेही असते, ते मी नाकारत नाही. दुखावलेल्या माणसाकडे पाहून, दुसऱ्याला डोळ्याने खुणावून, समोरच्याला लागले आहे हे कळल्यावरही जे चालू राहते आणि पुन्हा पुन्हा येते, ते टोचण्यासाठीच असते, आणि ते सोसू नये. तुमच्या सुनेचे हसणे तुमच्याकडे पाहून नव्हते, तिने ते पदराने झाकले, ती उठून गेली, आणि आठ महिन्यांत ते पुन्हा झाल्याचे तुम्ही लिहिलेले नाही.

चुलीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मुलाला कामासाठी किंवा नातवाच्या शाळेसाठी नांदेडला जायचे असेल तर तो निर्णय त्या कारणांवर घ्या. खोलीभाडे, शेताकडे कोण पाहणार, तुमच्यासोबत कोण राहणार, हे सगळे बसून ठरवा, आणि तशी वेगळी चूल झाली तरी त्यात कोणाचा अपमान नाही. पण त्या एका दुपारवरून वेगळे होत असाल तर वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबा, आणि तोपर्यंत सुनेने वाढलेले ताट मागे सारू नका. मुलाला हे तुम्ही स्वतः सांगा, सुनेकरवी नव्हे. तो खोली पाहायला लागला आहे ते तुमच्या दोघींच्या गप्प बसण्याला कंटाळून, आणि त्याला तुमच्या तोंडून ऐकायचे आहे की घाई नाही.